ओवाळणीचे अंदाजपत्रक

कोजागरीचे दूध पिऊन झाले, की दुसऱ्या दिवशी आमच्या घरी एक पाठकोरा कागद निघतो. मी त्याच्या मधोमध उभी रेघ मारते. डावीकडे माणसांची नावे, उजवीकडे आकडे. देशाच्या अर्थमंत्र्यांचे अंदाजपत्रक माघ-फाल्गुनाच्या सुमारास येते, आमचे मात्र आश्विनात! आणि तुटीचे अंदाजपत्रक त्यांना चालते, आम्हांला चालत नाही. एकदा चालवून पाहिले, त्याचीच ही हकीकत.

आम्ही उमरखेडचे. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेकाठच्या तालुक्याचे हे गाव. नदी ओलांडली, की मराठवाडा. दिवाळीची मोठी खरेदी म्हटली, की कुणी पुसदला जाते, कुणी हदगाववरून नांदेड गाठते. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून तर नांदेडची फेरी फुकटात पडल्यासारखीच वाटते. पण तिकिटात वाचलेले साठ-सत्तर रुपये दुकानाच्या पायरीवर केव्हा विसरले जातात आणि त्यांच्या जागी हजार-दोन हजार केव्हा जातात, हे कळतही नाही!

आमचे 'हे' शिक्षक. नोकरदाराच्या दिवाळीची एक गंमत सांगते. दिवाळी येते पंचांगाने आणि पगार येतो कॅलेंडरने. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, २०२४ साली १ नोव्हेंबरला आणि २०२५ साली २१ ऑक्टोबरला. दर वर्षी दिवाळी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. महिन्याच्या आरंभी सण आला, तर पगार खुळखुळत असतो, पण पुढचे पंचवीस दिवस ढकलायचे असतात. महिनाअखेरीस आला, तर पाकिटात उरलेलेच काही नसते. म्हणून दिवाळी कुठल्या तारखेला आहे, हे नव्या वर्षाचे कॅलेंडर भिंतीवर लागते त्याच दिवशी पाहून ठेवावे.

आता ती हकीकत. २०१७ साली भाऊबीज २१ ऑक्टोबरला होती. त्या वर्षी ह्यांच्या मनात आले, की ताईला, म्हणजे माझ्या नणंदेला, एकदा तरी भारी साडी घ्यायची. सण अग्रिम उचलला होता. त्याला व्याज नसते, म्हणून तो मिळकतीसारखा वाटतो. खरे म्हणजे तो आपलाच उद्याचा पगार, पुढे दरमहा कापला जाणारा. शिवाय दुकानात 'बिनव्याजी हप्ता' अशी पाटी होती. मुलांच्या हट्टाने दूरदर्शन संचही त्याच फेरीत हप्त्यावर आला. बिनव्याजी म्हणतात त्या हप्त्यात व्याज कुठल्या तरी शुल्काच्या नावाने बसवलेले असते. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच. पण हे वाचायला सवड कुणाला होती?

सहा हजारांची साडी ताटात पडली. ताईचे डोळे भरून आले. आम्हांला वाटले, आनंदाने.

ताईचे सासर जवळच्याच खेड्यात, कोरडवाहू कापसाचे. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने यवतमाळ जिल्ह्यातला कापूस खाल्ला. बोंडे वरून हिरवीगार आणि फोडली तर आत अळी! आमचे हप्ते फिटता फिटता उन्हाळा उजाडला, पण आमचा पगार निदान दरमहा येत होता. त्यांच्याकडे वर्षाचे पीकच गेले होते.

२०१८ च्या भाऊबिजेला ताई आली नाही. निरोप आला, "कापूस वेचायला माणूस नाही, यंदा जमणार नाही." हे खट्टू झाले. "एवढे केले, तरी बहिणीला यावेसे वाटू नये?" असे म्हणून गप्प बसले. तेव्हा सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "बाबा, तू तिला ओवाळणी नाही घातलीस, ओझं घातलंस. भाच्यांना रिकाम्या हाताने कशी येईल ती?"

आम्ही दोघेही चमकलो. खरेच की! माहेरी येताना ती भाच्यांना कपडे आणायची, मला खण आणायची. सहा हजारांच्या साडीपुढे तो खण तिला किती लहान वाटला असेल! आम्ही आमचा खिसा पाहिला नाही, तो दोष होताच. पण तिचाही खिसा पाहिला नाही, हा त्याहून मोठा दोष.

दुसऱ्या दिवशी हे स्वतः तिच्या गावी गेले, तिच्या हातून ओवाळून घेतले आणि ताटात पाचशे एक रुपये घातले. म्हणाले, "ताई, आता दर वर्षी एवढेच. तूही घरचे मूठभर मूग आणत जा, दुसरे काही नको." ताई हसली म्हणे, आणि मग थोडी रडलीही.

तेव्हापासून आमच्या कागदाला दोन नियम आहेत. पहिला, यादी दुकानाप्रमाणे नव्हे, माणसाप्रमाणे करायची. आणि दुसरा, प्रत्येक नावापुढे आकडा घालताना विचारायचे: हे आपल्याला झेपेल का, आणि घेणाऱ्याला झेपेल का?

नमुन्यादाखल कागद पुढे मांडते. घरातल्यांचे कपडे ६,००० रुपये. नणंदेची ओवाळणी आणि भाच्यांचा खाऊ २,०००. सासूबाईंसाठी १,०००. पाडव्याची माझी ओवाळणी १,००० (हा आकडा हे लिहितात, मी खोडत नाही!). फराळ, तेल आणि दिवे ३,५००. कामाच्या मावशी आणि कचरा नेणारे भाऊ यांची पोस्त १,०००. राखीव ५००. एकूण १५,०००. बारा महिन्यांनी भागले, की महिन्याला १,२५० रुपये. दिवाळीच्या महिनाभर आधीच बँकेत एक वर्षाचे आवर्ती ठेव खाते उघडते, म्हणजे पुढची दिवाळी अलीकडे सरकली, तरी तिच्यापूर्वी पैसे आपोआप हाती येतात. काही भगिनी भिशी लावतात. तीही चालते, पण माणसे ओळखीची हवीत आणि आपला क्रमांक दिवाळीपूर्वी लागायला हवा. व्याज मात्र तिच्यात नसते.

तीन सूचना आणखी. माझा भाऊ मला काय घालील, ते जमेच्या बाजूला कधीही लिहू नये, कारण तोही कुठेतरी असाच कागद घेऊन बसलेला असतो. पैसे कमी पडले, तर कात्री आपल्या कपड्यांना लावावी, पोस्तीला लावू नये. मावशींच्या घरची दिवाळी त्या पोस्तीवर उभी असते. आणि सोन्याचा मोह पाडव्याला आवरावा. २०२५ साली दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पुढे गेला, तेव्हा हौसेचा वळा हप्त्यावर घेणाऱ्यांची हौस फार दिवस टिकत नाही.

राहिले ते राखीव ५००. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवा आणि निराधार स्त्रियांसाठी जी संस्था काढली, तिच्या हिंगण्याच्या कामासाठी 'भाऊबीज निधी' जमवला जाऊ लागला. दारोदार जाऊन, लहानलहान रकमांनी. ज्यांना ओवाळायला भाऊ नाही, त्यांच्या ताटात चार आणे घालणारे हजारो भाऊ निघाले आणि मुलींची शिक्षणे झाली. ओवाळणीची किंमत आकड्यावर नसते, हे त्या निधीने फार पूर्वीच दाखवून दिले. आमच्या राखीव रकमेतून काही उरलेच, तर ते अशाच एखाद्या ताटात जाते.

गेल्या भाऊबिजेला ताई सकाळच्या एस.टी.नेच आली. २०२५ च्या अतिवृष्टीने विदर्भ-मराठवाड्यातल्या पिकांची दैना केली, तिचे शेतही त्यातून सुटले नव्हते. पिशवीतून मुगाची पुरचुंडी काढून माझ्या हाती देत म्हणाली, "वहिनी, यंदा थोडेच आहेत बरं का."

मी ते मूग डब्यात ओतले आणि तिला पाट मांडून दिला. वाचकहो, तुमच्याही ताटात यंदा असेच कुणी हक्काने येऊन बसो!