वर्ग केला, आता ताळा करा

देवळ्यात अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवताना एक गणित मी हमखास घालतो. विद्यार्थी असताना अशाच गणितात माझे गुण गेले होते.

√(१ + साइन क्ष) = कोसाइन क्ष. कोन ० ते ३६० अंशांमधला शोधायचा, ३६० सोडून.

आधी दोन्ही बाजूंचा वर्ग करू. डावीकडे १ + साइन क्ष, उजवीकडे कोसाइनचा वर्ग, म्हणजेच १ वजा साइनचा वर्ग. सगळं एका बाजूला घेतलं की साइन क्ष × (१ + साइन क्ष) = ०. म्हणजे साइन ० किंवा −१. कोन आले ०, १८० आणि २७०. मी इथेच पेन खाली ठेवलं होतं!

आता ताळा करू. ० अंशाला दोन्हीकडे १ येतो, २७० ला दोन्हीकडे ०. पण १८० ला डावीकडे १ आणि उजवीकडे −१. वर्ग करताना उणे चिन्ह पुसलं गेलं आणि खोटं उत्तर आत शिरलं. म्हणून उत्तरं दोनच: ० आणि २७०.

१११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त माकडांचं गणित आहे. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग केला, तितकी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर दिसलं. उत्तरं येतात ५० आणि ५. समीकरणात दोन्ही बसतात. पण ५ घेतले, तर वर्गाआधी उणे दोन माकडं होतात! आचार्यांनी ५ नाकारले.

मुलांना मी एवढंच सांगतो, उत्तर आलं की मूळ प्रश्नाकडे परत जा.