‘हाऊस’ म्हणजे नुसते घर नव्हे

नाट्यगृहाच्या दारावर ‘हाऊसफुल्ल’ची पाटी लागली, की परत फिरणारा रसिक हळहळतो, पण त्या पाटीचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही. ‘घर भरले’ असे तिचे भाषांतर तो करीत बसत नाही. वस्तुतः शाळेत आपण सर्वांनी ‘हाऊस म्हणजे घर’ एवढेच पाठ केलेले असते. पुढे हा शब्द भेटतो तो निरनिराळ्या वेषांत. व्यापाऱ्याची पेढी हाऊस, प्रकाशनसंस्था हाऊस, राजघराणे हाऊस, कायदेमंडळ हाऊस, इतकेच काय, पत्रिकेतले स्थानही हाऊसच! इतक्या अर्थांना बांधून ठेवणारा धागा कोणता, तो आज शोधावयाचा आहे.

प्रथम मूळ पाहू. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘हूस’ असा होता. जर्मन भाषेत आजही ‘हाउस’ आहे. अर्थ राहण्याची जागा. पण भाषेची नजर भिंतींवर फार काळ थांबली नाही. ती आतल्या माणसांकडे वळली. नवऱ्याला इंग्रजीत ‘हजबंड’ म्हणतात. हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘हूसबोंदी’पासून आला. घरात राहणारा, घराचा धनी, असा त्याचा अर्थ. आपल्या ‘गृहस्थ’ शब्दाची घडण थेट अशीच नाही का? गृहिणीच्या वाट्याला मात्र वेगळे दैव आले. ‘हाउसवाइफ’ हाच शब्द झिजून ‘हसी’ झाला आणि त्याला निर्लज्ज बाई असा अर्थ चिकटला. शब्दांच्या राज्यातही न्याय सर्वांना सारखा मिळत नाही, हेच खरे!

आता राजवाड्यात डोकावू. १९१७ साली जर्मनीशी युद्ध चालू असताना पंचम जॉर्ज राजाने आपल्या घराण्याचे जर्मन नाव टाकून ‘विंडसर’ हे नाव घेतले. एक वीटही न हलता ‘हाऊस’ बदलले. याच्या उलट प्रकार १९४१ च्या मे महिन्यात घडला. जर्मन बाँबफेकीत ‘हाऊस ऑफ कॉमन्स’चे दालन जळून खाक झाले. सभासद दुसऱ्या जागी बसू लागले आणि काम चालू राहिले. नवे दालन १९५० साली उघडले. मधल्या नऊ वर्षांत भिंती नव्हत्या, पण ‘हाऊस’ होतेच. आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी मसुद्यातही ‘हाऊस ऑफ द पीपल’ असाच शब्द आहे. १९५४ च्या मे महिन्यापासून आपण त्याला लोकसभा म्हणू लागलो. ‘सभागृह तहकूब झाले’ असे आपण म्हणतो, तेव्हा तहकूब होतात ती माणसे. इमारत आपली जागच्या जागी असते.

एकच नाव किती रूपे घेते, याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे लंडनमधील ‘इंडिया हाऊस’. लेडनहॉल रस्त्यावरचे ‘ईस्ट इंडिया हाऊस’ ही कंपनी सरकारची कचेरी; आपल्या देशाचा हिशेब तेथल्या वह्यांत मांडला जाई. ती इमारत १८६१ साली पाडली. १९०५ साली श्यामजी कृष्णवर्मा यांनी हायगेट भागात हिंदी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, त्याचेही नाव ‘इंडिया हाऊस’. पुढच्याच वर्षी सावरकर तेथे राहावयास गेले आणि ते क्रांतिकारकांचे घर झाले. १९३० साली ऑल्डविच येथे उभे राहिलेले तिसरे ‘इंडिया हाऊस’ आज भारताच्या उच्चायुक्तांचे कार्यालय आहे. पहिली पेढी, दुसरे बिऱ्हाड, तिसरी कचेरी! नाव जवळजवळ तेच; अर्थ ठरला तो आत कोण बसले होते यावरून.

पण या शब्दाची खरी कसोटी लागली ती गरिबांच्या दारी. १८३४ साली इंग्लंडात नवा गरीब-कायदा झाला. निराधाराला मदत हवी, तर त्याने शक्यतो ‘वर्कहाऊस’मध्ये जावे, असे धोरण ठरले. तेथे छप्पर होते, अन्न होते, कपडे होते. पण आत शिरताच नवरा एका भागात, बायको दुसऱ्या भागात आणि मुले तिसरीकडे! बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षा आतल्याची स्थिती बरी असता कामा नये, हे तत्त्वच होते. गोरगरीब त्याला नुसते ‘द हाऊस’ म्हणत, आणि ते नाव ऐकून म्हाताऱ्या माणसांच्या पोटात गोळा येई. तेथे जन्मलेल्या मुलाला जन्मभर कलंक लागू नये, म्हणून १९०४ पासून जन्माच्या नोंदीत वर्कहाऊसचे नाव न घालता साधा रस्त्याचा पत्ता घालण्याची वहिवाट पडली. १९३० साली ही व्यवस्था कायद्याने संपली. पण तीच दारे नव्या नावांखाली कित्येक वर्षे उघडी राहिली.

तात्पर्य काय? माणसे आणि त्यांना एकत्र ठेवणारा नियम, या दोहोंवर हा शब्द उभा आहे. नियम आपुलकीचा असेल, तर वसतिगृहाचेही घर होते. नियम माणसे तोडणारा असेल, तर छप्पर असूनही घर होत नाही. आज आपल्या शहरांतही वृद्धांसाठी, निराधारांसाठी निवास निघत आहेत. त्यांच्या दारावरची पाटी वाचून थांबू नये. आत शिरून पाहावे, की म्हातारा-म्हातारी एका पंक्तीला जेवतात की नाही.

आपल्याकडे जुना गृहस्थ ‘घरात विचारून सांगतो’ असे म्हणे. तो काही भिंतींना विचारावयास जात नसे! इंग्रजी शब्दकोशात ‘हाऊस’चे अर्थ पाहताना हे मराठी वाक्य मनाशी असू द्यावे; पुष्कळसे अर्थ आपोआप उलगडतील.