रुमाल सोडताना

रुमाल सोडायची घाई करायची नाही, हा आमच्या मंडळातला पहिला नियम. रुमाल म्हणजे जुन्या कागदांचं गाठोडं. जाड कापडाच्या चौकोनात कागद रचायचे आणि चारी टोकांची गाठ मारायची, ही दप्तर ठेवण्याची आपली जुनी रीत. घराच्या माळ्यावर, देव्हाऱ्यामागं, पत्र्याच्या ट्रंकेत असे रुमाल पिढ्यान्‌पिढ्या पडून असतात. गाठ सुटली की थोडा वेळ नुसतं थांबायचं. मग वरच्या कागदाखाली पातळ पुठ्ठा सरकवायचा आणि पुठ्ठ्यासकट कागद उचलायचा. चिमटीत धरून कधीच नाही. घड्यांवर कागद इतका थकलेला असतो की चिमटीतल्या चिमटीत त्याचे दोन तुकडे होतात.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी हे इतिहास मंडळ चालतं. स्वतःची इमारत नाही. वाचनालयाच्या माडीवरची एक खोली, दोन लोखंडी कपाटं, एक स्कॅनर आणि खिडकीजवळचं लांब टेबल, एवढाच संसार. रविवारी सकाळी टेबलावर पांढरी चादर पसरली जाते. पांढरीच, कारण कागदाचा सुटलेला कपटा तिच्यावर लगेच दिसतो. एकीकडे मऊ ब्रश घेऊन कॉलेजची मुलं बसतात. ब्रश कागदाच्या मध्यापासून कडेकडे फिरवायचा, उलटा नाही, नाहीतर फाटक्या कडा दुमडतात. घडीच्या खाचेत कधी बारीक चकचकीत वाळू सापडते. ओली शाई टिपायला लिहिणाऱ्यानं टाकलेली ती वाळू. पहिल्यांदा ती बोटाला लागली की मुलं एकदम गप्प होतात.

कागद हातानं केलेला. महाराष्ट्रात जुन्नर आणि दौलताबाद ही त्याची जुनी ठाणी. खळ लावून, घोटून त्याला तुळतुळीत करत, म्हणून बोरू त्यावर न अडखळता धावे. तीच खळ कसरीला आणि वाळवीला आवडते. शाई काजळीची. ती शेकडो वर्षं काळी राहते, पण पाण्यापुढं टिकत नाही. म्हणजे उन्हापेक्षा गळक्या कौलांनी आपला इतिहास जास्त पुसला आहे, आणि आमच्या घाटमाथ्यालगतच्या गावांत कौलं गळतातच.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वाचणारे बसतात. त्यातले एक निवृत्त गुरुजी, बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई आणि त्यांच्या हाताखाली तयार होणारे चार-सहा जण. हे कागद मोडी लिपीतले. मोडी वाचणं दुरून सोपं वाटतं. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि हात न उचलता तिला अक्षरं लोंबकळत ठेवत जायचं, अशी ही लिपी. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, अनुस्वार बहुतेक वेळा वाचणाऱ्याच्या भरवशावर सोडलेला. एकट्या ‘र’ची रूपं इतकी की नवशिक्या तिथंच हिरमुसतो. म्हणून गुरुजी अक्षरांपासून सुरुवातच करत नाहीत. कागदाच्या साच्यापासून करतात. पत्र असेल तर मायना कुठं, तारीख कुठं, विनंती कुठून सुरू होते. रोखा असेल तर धनको कोण, ऋणको कोण, साक्षी कुठं. साचा डोळ्यांत बसला की अर्धे शब्द आपोआप ओळखीचे होतात.

तारीख हा त्यांचा खास आवडीचा धडा. फळ्यावर ते लिहितात, ‘इहिदे सितैन मया व अलफ’. अरबी संख्यांचे हे आपल्या कारकुनांनी मराठी जिभेवर वळवलेले उच्चार. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, बेरीज 1161. हा सुहूर सन, मृगाला सुरू होणारा. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600, की इसवी सन निघतो. ‘आता यातला जानेवारी सांगा,’ असं गुरुजी म्हणतात. मुलं आकडेमोड करतात, 1761 उत्तर येतं, आणि पानिपत हा शब्द वर्गात न उच्चारताच सगळ्यांना कळतो. मग मोडकांची जंत्री, म्हणजे तारखांच्या मेळाचं पुस्तक, उघडते आणि चांद्र तारखेचा वारसुद्धा निघतो. खोट्या कागदाची पहिली चोरी पुष्कळदा इथंच पकडली जाते, तारीख आणि वार जुळत नाहीत तेव्हा.

वर्षातून एकदा मंडळ लोकांना आपापल्या घरचे कागद घेऊन बोलावतं. कागद घेऊन ठेवत नाही. टेबलावर वाचतो, स्कॅन करतो आणि ज्याचे त्याला परत देतो. ही अट मोठ्या अक्षरात लावावी लागते, कारण कागद बाहेर काढताना लोकांच्या मनात भीती असते. जमिनीचा वाद उकरला जाईल, भाऊबंद हक्क सांगतील, सरकार घेऊन जाईल. मागच्या खेपेला एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. छत्रपतींची सनद आहे, असं त्यांच्या सासऱ्यांनी सांगितलेलं. ताईंनी कागद दोनदा वाचला.

‘आजी, सनद नाही ही. कर्जरोखा आहे. तुमच्या घरच्या कुणीतरी जोंधळे दिढीनं, म्हणजे दीडपट फेडायच्या बोलीवर, घेतलेत.’

आजींचा चेहरा पडला. ‘म्हंजे आम्ही कर्जबाजारी?’

‘त्या साली सगळं गावच असेल. पण बघा, खाली निशाणी नांगराची आहे. सही येत नव्हती म्हणून नांगर काढलाय. हा तुमच्या माणसाचा हात.’

आजी बराच वेळ त्या नांगराकडं बघत राहिल्या. मला विचाराल तर सनदेपेक्षा हा रोखा मोलाचा. सनदा राजवाड्यांतून निघाल्या, त्यांच्या नकला दप्तरांत उतरल्या, त्यातल्या कितीतरी छापूनही झाल्या. कुणब्यानं कोणत्या दरानं धान्य उसनं घेतलं, हे सांगणारा कागद त्याच्या घराखेरीज बहुधा कुठंच नसतो.

हे काम नवं नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव, वाडोवाडी हिंडले, लोकांच्या माळ्यांवरून कागद उतरवून घेतले आणि 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावानं खंडांमागून खंड काढले. 7 जुलै 1910 रोजी त्यांनी आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. पुढं दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे यांच्यासारख्यांनी आपलं आयुष्य तिथं घातलं. खऱ्यांचं ‘संशोधकाचा मित्र’ आमच्या कपाटात हाताशी असतं. राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्याला वारले आणि त्यांचा संग्रह सांभाळायला धुळ्यातही त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. घरातला एक कागद किती दूर पोचतो, याचा दाखला कारीच्या जेध्यांचा. त्यांच्याकडची शकावली, म्हणजे घटनांची सालवार टिपणं, लोकमान्य टिळकांनी 1916 साली पुण्याच्या मंडळातर्फे प्रसिद्ध केली. तोवर शिवजन्माचं साल शके 1549 धरत. शकावलीनं फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 ही तिथी पुढं आणली. आज 19 फेब्रुवारीला शासकीय शिवजयंती होते, ती त्या तिथीवरून.

2023 पासून मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारनं न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरं उघडली. नोंदी होत्या, वाचणारे कमी पडले. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, पुण्याचं मंडळ घेतं, आमच्यासारखी छोटी मंडळंही घेतात. तरी कागदांच्या डोंगरापुढं ही माणसं मूठभर. गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडून 45 भाग छापले. दप्तर कोट्यवधी कागदांचं आहे.

कागद वाचणारी माणसं इतकी कमी, म्हणून वारशाचे पुरस्कार कुणाला द्यावेत याबद्दल माझं ठाम मत झालं आहे. वारसा म्हटलं की आपण दगड पाहतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला आणि भायखळा स्थानकाला 2022 साली युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाले. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यातले 11 महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. याचा आनंद आहेच. पण त्याच किल्ल्यांवर कुणी पहारा दिला, बुरूज ढासळल्यावर पाथरवटांना किती मजुरी मिळाली, हे कागद सांगतात, आणि कागद जपणाऱ्याला व वाचणाऱ्याला कुणी व्यासपीठावर बोलावत नाही. याद्या करणारा तर कुणाच्या गणतीतच नसतो. दहा वर्षं बसून रुमालांची यादी करणारा माणूस नसता तर पुढच्या शंभर अभ्यासकांना काय कुठं आहे ते कळलं नसतं.

आमचं मंडळ वर्धापनदिनी एक सन्मान देतं. तो गेली काही वर्षं आम्ही त्या वर्षी कागद उघडणाऱ्या एका घराला देतो. शाल-श्रीफळ असतं, पण खरी भेट वेगळी: त्यांच्याच कागदाची चौकट केलेली प्रतिमा आणि शेजारी बाळबोधीत उतरवलेला मजकूर. त्या दिवशी घरातला सर्वांत लहान मुलगा किंवा मुलगी तो मजकूर सभेत मोठ्यानं वाचते. यंदा एक यादी करणाराही त्या रांगेत उभा राहील, असं कार्यकारिणीत ठरलं आहे. जिल्ह्यातल्या इतर मंडळांनीही हे करावं.

आणि तुमच्या घरी रुमाल असेल तर एवढं करा. कागदांना लॅमिनेशन करू नका, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, उन्हात वाळत घालू नका. कोरड्या सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून उंच ठेवा, आणि पावसाळ्याआधी जवळच्या मंडळात नेऊन वाचून घ्या. कागद तुमचाच राहील.