खबर दुर्बिणींपर्यंत पोहोचते कशी?

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर नोंदल्या गेल्या. पाठोपाठ १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने गामा किरणांचा झोत टिपला. टक्कर नेमकी कुठे झाली? लायगो आणि व्हर्गो या शोधकांनी दाखवलेला पट्टा २८ चौरस अंशांचा होता. त्यात सुमारे १४० पूर्णचंद्र मावले असते. तेवढ्या आकाशातून मंदावत जाणारा एक ठिपका हुडकायला दुर्बिणींना जवळपास अकरा तास लागले.

असाच शोधक हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या दुधाळा इथे उभारला जाणार आहे. लायगो-इंडियाच्या या प्रकल्पाला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्याची प्रत्येक भुजा चार किलोमीटरची असेल. पण शोधकाला लहर जाणवली की लडाखमधल्या हानले इथल्या ग्रोथ-इंडियासारख्या दुर्बिणींना ती खबर लगेच मिळायला हवी.

आज हे काम संदेशांची रांग सांभाळणारे सर्व्हर करतात. नासाच्या ‘जीसीएन’ सेवेत त्यासाठी ‘काफ्का’ ही प्रणाली आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर सूचना लावावी आणि ज्याने त्याने आपल्या सवडीने वाचावी, तशी तिची रीत. धाडणाऱ्याला वाचकांची यादी ठेवावी लागत नाही.

दूरच्या या सर्व्हरला जोडून घेणारी पायथन स्क्रिप्ट अवघ्या काही ओळींची असते. ती आपला आयडी आणि गुप्त किल्ली दाखवते, गुरुत्वीय लहरींचा विषय निवडते आणि ऐकत राहते. जोडणी स्क्रिप्टच सुरू करत असल्याने फायरवॉलमधून बाहेर जाणारी वाट, म्हणजे ९०९२ क्रमांकाचे पोर्ट, मोकळी असावी लागते.

खरी परीक्षा वीज गेल्यावर होते. रांगेतल्या प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो. स्क्रिप्टने आपल्या वाचक-गटाचे नाव कायम ठेवून वाचलेल्या क्रमांकाची नोंद केली असेल, तर वीज आल्यावर ती तिथूनच पुढे वाचते. मात्र सर्व्हर जुने संदेश ठराविक काळच ठेवतो. उशिरा हाती आलेल्या इशाऱ्याची वेळ तपासणे हे स्क्रिप्टचेच काम. कधी इशारा मागेही घेतला जातो. तेव्हा दुर्बीण थांबवावी लागते.

या सेवेचे खाते कुणालाही विनामूल्य उघडता येते. हिंगोलीतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही साध्या संगणकावर हे इशारे ऐकता येतील. दुधाळ्याचा शोधक अमेरिका आणि युरोपातल्या शोधकांपासून हजारो किलोमीटर दूर असेल. दुधाळ्याच्या नोंदी त्यांच्या नोंदींना जोडल्या गेल्या की अशा अनेक इशाऱ्यांतला आकाशाचा पट्टा आक्रसेल आणि दुर्बिणींचे शोधाचे तास वाचतील.