नाव न घेता सांगितलेले प्रेम : गाथा, ओवी, उखाणा आणि लावणी (जुन्नर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

प्रेमकविता शिकविताना वर्गात बहुधा एक प्रश्न हमखास विचारला जातो : या कवितेत कोणती भावना व्यक्त झाली आहे? विरह, मीलन, रुसवा, आर्जव अशी उत्तरे मिळतात आणि कविता शिकवून झाली असे आपण मानतो. प्रस्तुत लेखात याच्या जोडीला दुसरा प्रश्न मांडावयाचा आहे. ही भावना कोणाच्या कानावर पडावी म्हणून उच्चारली गेली आणि ती उच्चारताना आणखी कोण ऐकत होते? मराठी भूप्रदेशातील प्रेमाच्या अभिव्यक्तीचे रूप भावनेइतकेच ऐकणाऱ्याने घडविले आहे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी गाथा, जात्यावरची ओवी, उखाणा आणि लावणी हे चार रचनाप्रकार विचारात घेतले आहेत.

या विवेचनास जुन्नर परिसराचा आधार घेण्यास कारण आहे. सातवाहनकालीन नाणेघाट आणि तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाणारे नारायणगाव ही दोन्ही स्थळे याच तालुक्यात आहेत. प्राकृत गाथेचा काळ आणि ढोलकीच्या फडाचा काळ यांत सुमारे अठराशे वर्षांचे अंतर आहे. तरीही दोहोंतील स्त्रीच्या उद्गारात विलक्षण साम्य आढळते.

घाटातील नावे आणि गाथेतील निनावी माणसे

कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडून येणारा माल नाणेघाट चढून जुन्नरला आणि तेथून पुढे पैठणकडे जात असे. घाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज त्यांचे अवशेष आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत. त्यांत राणी नायनिका, म्हणजेच नागनिका, आणि राजा सातकर्णी यांची नावे एकत्र कोरलेली दिसतात. भिंतीवरील ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेखात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांची नोंद आहे. पतिपत्नींची नावे येथे जगजाहीर आहेत, कारण हा राजसत्तेचा उद्गार आहे. सहजीवनातील भावनेला त्यात स्थान नाही आणि तशी अपेक्षाही करता येत नाही.

ती भावना शोधण्यासाठी सातवाहनांच्याच नावाशी जोडलेल्या दुसऱ्या ठेव्याकडे वळावे लागते. हाल सातवाहनाने संकलित केलेली म्हणून प्रसिद्ध असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतात आहे. जर्मन पंडित आल्ब्रेख्त वेबर यांनी 1870 व 1881 मध्ये तिचे संपादन केले, तर स. आ. जोगळेकर यांची सविस्तर मराठी आवृत्ती 1956 मध्ये प्रसिद्ध झाली. या संग्रहातील जग राजवाड्याचे नाही. नांगरणारा हालिक, गावचा ग्रामणी, शेत राखणारी तरुणी, वाटसरू, सासू, नणंद आणि सखी ही येथील पात्रे होत. प्रेमिकांना बहुधा नावे नाहीत. तमिळ संगम साहित्यातील ‘अकम्’ कवितेतही प्रेमिकांची नावे न सांगण्याचा दंडक होता, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

गाथेचे वृत्त दोन ओळींचे असते. पहिल्या ओळीत 30 आणि दुसरीत 27 मात्रा असतात. एवढ्याशा जागेत प्रसंग वर्णन करून सांगणे शक्य नसते. कोण बोलते, कोणाशी बोलते आणि आडून कोण ऐकते, हे वाचकाने ओळखावयाचे असते. एका प्रसिद्ध गाथेत घरी मुक्कामास आलेल्या वाटसरूला एक विवाहिता घरात कोण कोठे निजते ते दाखवून देते आणि रात्री चुकून आमच्या अंथरुणांवर येऊ नकोस, असे बजावते. शब्द निषेधाचे आहेत, अभिप्राय मात्र आमंत्रणाचा आहे. सासूने ऐकावे असे एक वाक्य आणि पाहुण्याने समजावे असे दुसरे, अशी दोन वाक्ये येथे एकाच वाक्यात नांदतात. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त ध्वनीचा सिद्धान्त मांडताना अशा प्राकृत गाथांचा आधार घेतला, तो याच कारणामुळे. व्यंग्यार्थ हा काव्याचा आत्मा खरा. परंतु या गाथेत तो सासुरवाशिणीच्या व्यावहारिक गरजेतून जन्मलेला आहे, हे विसरता येत नाही.

जात्याची ओवी आणि उखाणा

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरी गावांत काय किंवा पूर्वेकडील सपाट भागात काय, गिरणी येण्यापूर्वी दिवसाची सुरुवात जात्यावर होत असे. पहाटेच्या अंधारात दळणाऱ्या स्त्रीला परका श्रोता नसे. समोर असलीच तर दुसरी दळणारीण. येथे प्रेम मोकळेपणाने बोलेल अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात जात्यावरच्या ओवीत माहेर, आईबाप आणि विशेषतः भाऊ यांचा विषय विपुल आहे. पतीविषयीचे बोलणे तुलनेने सावध असून ते वस्तूंच्या आडून येते. पती म्हणजे ‘चुडा’, पती म्हणजे ‘कुंकू’. क्वचित तो ‘कंथ’ किंवा ‘हौशा’ असतो, पण नावाने येत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉटव्हॅं यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्यांचे संकलन झाले. त्यामुळे ही परंपरा आता अभ्यासकांना उपलब्ध झाली आहे.

उखाण्यात नेमकी उलट स्थिती असते. एरवी निषिद्ध असलेले पतीचे नाव येथे सर्वांसमक्ष घ्यावयाचे असते, किंबहुना ते घ्यावे असा आग्रहच असतो. परंतु नाव थेट घेता येत नाही. आधी देवाचा, फुलाचा, दागिन्याचा किंवा पक्वान्नाचा उल्लेख करावयाचा, यमक जुळवावयाचे आणि मग नाव त्यात गुंफावयाचे. जमलेल्या पाहुण्यांना यमकाची गंमत मिळते, तर नवविवाहितेला नाव उच्चारण्याची मुभा मिळते. समाजाने घातलेले बंधन आणि समाजानेच त्यात ठेवलेली फट, असे उखाण्याचे स्वरूप आहे.

लावणी : उद्गार स्त्रीचा, रचना पुरुषाची

लावणीत श्रोता उघडपणे समोर बसलेला असतो आणि तो पैसे देऊन आलेला असतो. पेशवाईच्या उत्तरार्धात रामजोशी, अनंतफंदी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ व प्रभाकर या शाहिरांनी लावणीला वैभव दिले. अनंतफंदी (1744–1819) हे जुन्नरशेजारच्या संगमनेरचे. लावणीतील विरहिणीचा सखा बहुधा मोहिमेवर गेलेला असतो. दसऱ्याला सीमोल्लंघन, पावसाळ्यापूर्वी परतीची आशा. गाथेतील पथिकाची पत्नीही मेघ दाटून आले की वाटेकडे डोळे लावते. व्यापाऱ्याच्या जागी शिलेदार आला; मात्र प्रतीक्षेचे ऋतुमान तेच राहिले.

भेद आहे तो रचनेत. गाथा एका क्षणात संपते; लावणी पालुपदाकडे पुन्हा पुन्हा येते. प्रत्येक कडव्यात नवा दाखला, नवा रुसवा, आणि ढोलकी-तुणतुण्याच्या साथीवर फिरून तेच आर्जव. ‘राया’, ‘सजणा’ ही संबोधने निनावी असल्यामुळे समोरचा प्रत्येक श्रोता ती स्वतःसाठी समजू शकतो. गाथेत नाव नसण्याने स्त्रीचे रक्षण होते. लावणीत नाव नसण्याने श्रोत्याला प्रवेश मिळतो.

येथे एक महत्त्वाची बाब ध्यानात घ्यावी लागते. हा स्त्रीचा उद्गार लिहिणारे शाहीर पुरुष होते. ‘होनाजी बाळा’ या जोडनावातच रचणारा होनाजी आणि गाणारा बाळा अशी विभागणी आहे. फडावर स्त्रीची भूमिकाही दीर्घकाळ नाच्या पोऱ्या करीत असे. पुढे पठ्ठे बापूराव (1866–1945) यांच्या रचना पवळा हिवरगावकर यांनी रंगमंचावर गायिल्या, तेव्हा शब्द पुरुषाचे आणि कंठ स्त्रीचा अशी नवी जुळणी झाली. लावणीतील स्त्रीच्या कामनेचे चित्र पुरुषी दृष्टीने रचले गेले आणि त्याचे ओझे दलित व भटक्या समाजांतील कलावंत स्त्रियांवर पडले, याकडे शर्मिला रेगे यांनी लक्ष वेधले आहे.

नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग (1935–2002) यांचे जीवन या संदर्भात पाहता येते. प्रयोग चालू असताना प्रसूत होऊन त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, ही हकिकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. ज्या श्रोत्यांनी ‘राया’ हे संबोधन स्वतःसाठी मानले, त्यांना कनातीमागील या बाईची खबर नव्हती. त्यांची अखेर आर्थिक विवंचनेत झाली. पुढे 2006 मध्ये राज्य शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. आजही गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेकरू मंडळी सुपारी देण्यास येतात.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. ज्या ज्या ठिकाणी ऐकणारा बदलला, त्या त्या ठिकाणी प्रेम सांगण्याची रीत बदलली. सासूच्या उपस्थितीत ध्वनी, जात्यापाशी प्रतीक, पाहुण्यांत यमक, फडावर पालुपद. दुसरे असे की, प्रथमपुरुषी स्त्री-उद्गार म्हणजे स्त्रीचे आत्मकथन असे मानून चालत नाही. गाथेतही अनेक कवी पुरुष होते. ओवी व उखाणा मात्र स्त्रियांच्याच तोंडी वाढले.

तिसरी बाब आम्हा अध्यापकांशी संबंधित आहे. प्राकृत गाथेतील शृंगाराला आपण अभिजात म्हणतो आणि लावणीतील शृंगाराबद्दल वर्गात ओशाळतो. दोन्हींतील भाव आणि प्रसंग इतके जवळचे असताना हा भेद काव्यगुणांवरून ठरलेला नाही. गाणारी बाई कोणत्या समाजातील आहे, यावरून तो ठरला आहे. गाथा आणि लावणी एकाच तासाला शेजारीशेजारी ठेवून शिकविल्यास विद्यार्थ्यांना हे सांगावेही लागणार नाही. नाणेघाट आणि नारायणगाव ज्यांच्या रोजच्या परिचयाचे आहेत, त्या विद्यार्थ्यांपासून या पद्धतीचा आरंभ करणे सर्वांत सोयीचे ठरेल.