चौकशी की चौकासी?

या अंकाच्या कन्नड विभागातील माझ्या मित्रांना ‘चौकासी’ हा शब्द समजावून सांगायला नको. त्यांच्या भाषेत चौकासी म्हणजे घासाघीस; खडेबाजारात साडीच्या भावावरून चालते ती. आम्हा मराठी मंडळींची ‘चौकशी’ म्हणजे नुसती विचारपूस. उच्चाराने शेजारी असलेले हे दोन शब्द अर्थाने बरेच दूर आहेत, आणि पहिल्या नोकरीचा पगार ठरविताना नेमका हाच फरक कामाला येतो, असे व्यापारी कायद्याचा अभ्यास करताना माझ्या ध्यानात आले.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी नोकरीचे पत्र आले, की आधी पेढे येतात. आकडा कमी वाटला तरी “मिळतंय ते घे, जास्त बोललास तर हातचं जाईल,” असा वडीलधाऱ्यांचा सल्ला असतो. माझे घरही त्याला अपवाद नाही. ही भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही.

१८४० सालचा ‘हाइड विरुद्ध रेंच’ हा इंग्लंडमधील खटला वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना माहीत असेल. रेंचने आपली शेतजमीन १,००० पौंडांना देऊ केली. हाइडने ९५० देऊ केले. रेंचने नकार देताच हाइड म्हणाला, “बरे, १,००० ला घेतो.” न्यायालयाने सांगितले, की ९५० चा आकडा पुढे करताच मूळ प्रस्ताव संपला, आता करार नाही. आपल्या १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७ वे कलमही स्वीकृती बिनशर्त हवी असेच म्हणते.

आता दुसरी बाजू पाहा. १८८० च्या ‘स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन’ खटल्यात लोखंडाचा भाव टनाला ४० शिलिंग रोख असा सांगितला होता. ग्राहकाने तार करून विचारले, की याच भावात दोन महिन्यांत माल घेतला तर चालेल का. नसल्यास किती मुदत द्याल? विक्रेत्याने माल दुसऱ्यालाच विकला. न्यायालयाने ठरविले, की ही नुसती विचारणा होती, नकार नव्हे. प्रस्ताव जिवंतच होता. पहिली झाली चौकासी, दुसरी चौकशी!

तेव्हा “२२,००० दिले तरच येईन,” असे लिहू नये. असे लिहावे: “आपल्या पत्राबद्दल आभारी आहे. आपल्याकडे काम करण्याची माझी इच्छा आहे. मला टॅली व जीएसटीचे काम येते. मराठी, कन्नड व इंग्रजीत पत्रव्यवहार करता येतो. हे लक्षात घेऊन मूळ पगार २२,००० पर्यंत नेणे शक्य आहे का, हे कृपया कळवावे.” अर्थात कलम ५ प्रमाणे आपली स्वीकृती रवाना होईपर्यंत कंपनी प्रस्ताव मागे घेऊ शकते. म्हणून विचारणा लवकर, एकदाच आणि सौम्य शब्दांत करावी. दुसरीकडून पत्र आल्याची थाप तर मुळीच मारू नये.

दोन हजारांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. हिशेब करू. पगारवाढ बहुधा टक्क्यांत मिळते. २०,००० आणि २२,००० या दोन्ही पगारांवर दरसाल ८ टक्के वाढ धरली, तर दहाव्या वर्षी दरमहाचा फरक जवळजवळ ४,००० होतो आणि दहा वर्षांची बेरीज सुमारे ३ लाख ४८ हजार भरते. धाकट्या बहिणीचे शिक्षण किंवा घराचे कर्ज डोळ्यांपुढे असणाऱ्याला ही रक्कम लहान नाही.

मात्र आकडा कोणता, हे आधी पाहावे. पत्रात वार्षिक ‘सीटीसी’ ३ लाख असेल, तर दरमहा २५,००० हातात पडत नाहीत. मूळ पगार १२,५०० धरला, तर कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा १२ टक्के वाटा १,५०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद (४.८१ टक्के) सुमारे ६०० त्यातच मोजलेली असते. आपला १,५०० चा वाटा वजा जाता इतर कपातींपूर्वी सुमारे २१,४०० उरतात. त्यातही कायम नोकराला ग्रॅच्युइटी मिळते ती सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर.

बँका व सरकारी खात्यांत वेतनश्रेणी ठरलेली असते. तिथे हा प्रयत्न व्यर्थ. मोठ्या कंपन्याही नव्या मुलांना एकच आकडा देतात. तिथे पगाराऐवजी दुसरे काही विचारता येते: सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार होईल का, नेमणूक कुठे, राजीनाम्याची मुदत किती, बंधपत्र आहे का.

उत्तर होकारार्थी आले, तर सुधारित पत्र लेखी मागून घ्यावे. फोनवरच्या शब्दावर राजी होऊ नये. नकार आला, तर मूळ पत्र अजून कायम आहे ना, एवढे विचारून मगच काय तो निर्णय घ्यावा.