झोपेची गोळी

२०२० साली करोनाची साथ आली नि घरोघरी झोप उडाली. अमेरिकेतील एका औषधविमा कंपनीच्या ग्राहकांत चिंताशामक औषधांच्या चिठ्ठ्या महिन्याभरात ३४ टक्क्यांनी वाढल्या. धार-देवासच्या मुलखाला हा मोह नवा नव्हे. माळव्याची अफू एके काळी मुंबईहून चीनला जाई. तीही आधी शांतवी, मग सोडीना. अल्प्राझोलामच्या गोळीचेही तेच. काही आठवड्यांतच शरीराला तिची सवय जडते. म्हणूनच दुकानदाराला चिठ्ठी पाहून विक्रीची नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. आम्हांस भय वाटते ते शेजारणीने मायेने दिलेल्या उरल्यासुरल्या गोळीचे. मद्यासोबत ती श्वास मंदावते. मात्र रोज घेणाऱ्याने ती एकाएकी सोडल्यास झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवावी. सल्ल्यासाठी १४४१६ हा सरकारी दूरध्वनी विनामूल्य आहे.